वाऱ्याचा मापाडी

मी वाऱ्याचा मापाडी बोलतोय. बोलता बोलता मध्येच गिरकी घेतली, एका गोष्टीवरून दुसरीवर गेलो, तर सांभाळून घ्या. जन्मापासून गरगर फिरण्यापलीकडे मी काही केलेलं नाही. सरळ बोलणं माझ्या रक्तातच नाही, म्हणजे बेअरिंगमध्ये नाही म्हणा.

बाजार समितीतला मापाडी तुम्ही पाहिला असेल. तो तूर मोजतो, हरभरा मोजतो. मी वारा मोजतो. दिसायला अगदी साधा आहे मी. तीन दांड्यांच्या टोकांना काळ्या प्लास्टिकच्या तीन वाट्या आणि मध्ये एक खुंटी. एका वाटीत वारा शिरला की ती पुढे ढकलली जाते, तिच्यामागून दुसरी येते, दुसरीमागून तिसरी, आणि मग जे सुरू होतं त्याला मी सुख म्हणतो. खुंटीतून एक वायर निघून खाली छोट्या डबीला जाते. मी किती जोरात फिरतोय ते डबीवर दिसतं. वारा कुठून आला, कुणी पाठवला, हे मी विचारत नाही. पोतं कुणाच्या वावरातलं हे मापाडी विचारत बसला तर बाजार उठेल. माझा हा स्वभाव लक्षात ठेवा, पुढे त्यानंच घोळ घातला.

माझा पहिला वारा कुठला म्हणाल, तर फुंकरीचा. कारखान्यात तपासणीच्या टेबलावर एक बाई बसायच्या. प्रत्येक नगावर त्या हलकेच फुंकर मारायच्या आणि फिरला की खोक्यात ठेवायच्या. त्या फुंकरीनं मी पहिल्यांदा गरगरलो आणि मला इतकं हसू आलं की खोक्यात बसल्यावरही वाट्या थरथरत होत्या. तेव्हापासून ही नशा काही उतरली नाही.

खोकं उघडलं ते अमरावतीत. उघडणारा गौरांग. राजकमल चौकापासून थोडं आत त्याचं दुकान आहे. छतावरची सौरतावदानं, म्हणजे सोलरची पॅनेलं, आणि घरगुती पवनचक्क्या तो विकतो, आणि विकतो म्हणण्यापेक्षा न विकण्याचीच त्याला जास्त हौस. पवनचक्की घ्यायला गिऱ्हाईक आलं की हा आधी मला त्याच्या छतावर बसवणार, चांगले दोन-तीन महिने हवा मोजणार, आणि मगच हो की नाही ते सांगणार. त्याचे वडील कपाळाला हात लावायचे.

"अबे, लोकं चक्की घ्याले येतात आन् तू त्यायले हवा मोजाले लावून राहिला," ते म्हणायचे.

"हवा नसली त चक्की शोभेची होते बाबा," गौरांग म्हणायचा. "मग मानूस रोज चहा पिता पिता तिच्याकडं पायते आन् मले शिव्या देते."

असा हा माझा मालक. त्याच्यासोबत मी वऱ्हाड फिरलो. तिवशाला एका राइस प्लेटवाल्याच्या छतावर राहिलो, तिथे फोडणीचा वास फुकट मिळायचा. परतवाड्याला एका लॉजवर होतो, तिथे माकडानं माझी एक वाटी चाटून पाहिली आणि तोंड वाकडं करून निघून गेलं. सगळीकडे एक गोष्ट मात्र सारखी. मी नुसता उभा दिसलो की माणसाला राहवत नाही. आधी इकडेतिकडे बघतो, मग बोटानं मला एक टिचकी मारतो. वकील असो की हमाल, टिचकी ठरलेली. माणूस आतून आनंदी प्राणी आहे, हे मला टिचक्यांवरून कळलं.

मग एका फाल्गुनात गौरांगनं मला पिशवीत घातलं आणि अकोल्याच्या एसटीत बसवलं. माझ्याबरोबर उंच पाइपही न्यायचा होता, पण कंडक्टरनं तो गाडीत चढू दिला नाही. "माणसं बसवू का नळ बसवू?" म्हणाला. मग गौरांगनं अकोल्यातच एका भंगारवाल्याकडून माणसाच्या डोक्याच्या जेमतेम वर जाईल एवढा पाइप घेतला आणि म्हणाला, सध्या चालवून घेऊ. बघा, आमच्या गोष्टीतला पहिला खोडा त्या कंडक्टरनं घातला. त्याला माहीतसुद्धा नाही.

घर होतं बंडू गुरुजींचं. गुरुजी म्हणजे आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. मोसमी वारे, व्यापारी वारे, खारे वारे, मतलई वारे, असे वारे त्यांनी पिढ्यानपिढ्या पोरांच्या डोक्यात भरले. निवृत्त झाले तरी भूगोल काही निवृत्त झाला नाही. भाजी आणायला निघाले की आधी वाऱ्याची दिशा बघायचे. त्यांच्या पत्नी रमाकाकू. बोलायला कमी, पण बोलल्या की त्यावर पुन्हा बोलायला काही उरत नसे.

आणि तिसरी निधी, त्यांची एकुलती लेक. ती त्या घरात नव्हती आणि सगळा प्रश्न तोच होता.

निधी लग्न होऊन पुण्याला गेलेली. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण मागच्या वैशाखात निधी अकोल्याला आली होती तेव्हा रोज संध्याकाळी लाईन, म्हणजे वीज, जायची. पोर ओल्या फरशीवर पडून राहायची आणि रमाकाकू हातात वर्तमानपत्र घेऊन वारा घालायच्या. आता ती पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, मला यायचंय. पण पंखा बंद पडला तर बाळाचं काय करू? अद्वैत म्हणतो, इथंच नाव घालू दवाखान्यात." अद्वैत म्हणजे जावई. तो वाईट नव्हता, त्याचं म्हणणंही चुकीचं नव्हतं, आणि म्हणूनच रमाकाकूंना त्याच्याशी भांडताही येत नव्हतं. डॉक्टरांनी प्रवासाला मुदत घातली होती. अक्षय तृतीयेपर्यंत काय ते ठरवा, म्हणजे तिकीट काढता येईल, असं ठरलं.

रमाकाकूंनी हो-नाही होण्याआधीच दुपटी शिवायला घेतली होती. जुन्या मऊ पातळांची, कडेनं बारीक टाके घातलेली. धुऊन ती गच्चीवरच्या दोरीवर वाळत असायची. गुरुजी येता-जाता ती दुपटी बघायचे. एक दिवस म्हणाले, "रमा, मी या घराची लाईन कधी जाऊच देत नाही. पवनचक्की बसवतो."

"सूर्यावरचं घ्या ना. सगळे थेच घेऊन राहिले," काकू म्हणाल्या.

"सूर्य कामाच्या टायमाले घरी जाते. लाईन जाते संध्याकाळी. वारा हा चोवीस तास ड्यूटीवर असते." गुरुजींनी एकदा शिक्षकांच्या सहलीत साताऱ्याकडच्या डोंगरावर पवनचक्क्या पाहिल्या होत्या. तेव्हापासून त्या त्यांच्या डोक्यात फिरतच होत्या.

तर मी गच्चीच्या एका कोपऱ्यात उभा राहिलो. गौरांगनं बजावलं, "गुरुजी, याच्या आसपास काई ठेवू नका. हवा मोकळी लागली पायजे. कपडे वाळवाची दोरी बी नाई."

या दोघांनी ही आज्ञा कशी पाळली म्हणून सांगू. दोरी निघाली, दुपटी खाली अंगणात गेली. तुळशीची कुंडी हलली. पाण्याचा ड्रम हलला. पापड वाळवायची बाज हलली. शेजारच्या मनकर्णाबाईंच्या नातवाचा पतंग माझ्याजवळ आला तर गुरुजी हातात छडी घेऊन धावले. मनकर्णाबाई म्हणजे नांदगाव खंडेश्वरकडच्या. वावरात आयुष्य गेलं, आता लेकाकडे अकोल्यात राहतात आणि गच्चीचा कठडा ओलांडून गप्पा मारतात. त्यांनी मला पाहिलं, टिचकी मारली आणि म्हणाल्या, "काय व रमाबाई, हे काय आनलं? पाखरं हाकलाले?"

"हवा मोजते थो," काकू म्हणाल्या.

"हवा काय मोजाची राहते व माय? लागली त लागली."

पहिले काही आठवडे त्यांचंच खरं ठरलं. लागली तर लागली. अकोल्याची वस्ती, तिन्ही बाजूंनी तीन मजल्यांची घरं. दुपारी एखादी गरम झुळूक यायची, मी दोन गिरक्या मारायचो आणि पेंगायचो. गुरुजी डबीवरचा आकडा बघायचे, चष्मा पुसायचे, पुन्हा बघायचे. चष्म्यानं वारा वाढत नाही.

आणि मग चैत्र चढला आणि अहाहा, काय सांगू तुम्हाला, मी फिरायला लागलो. फिरायला म्हणजे कसा, सूर्य बुडायचा अवकाश की मी सुरू. गरगर गरगर, थांबायचं नाव नाही. रात्रभर तोच जोर, तीच दिशा, जराही कमीजास्त नाही. परतवाड्याला नाही, तिवशाला नाही, असा शिस्तीचा वारा मी कधी खाल्ला नव्हता. जरा दमट होता. अधूनमधून अंगावर तुषार यायचे. आणि त्याला वास येत होता, गार, ओला, वाळ्याचा वास. मी तर वेडाच झालो. मला वाटलं, हाच स्वर्गातला वारा.

पहाटे गुरुजींनी डबी पाहिली आणि "रमा" अशी हाक मारली की कबुतरं उडाली. त्या दिवशी त्यांनी अख्ख्या गल्लीला शिकवणी दिली. "पाहा, दिवसा डोंगराकडची हवा तापून वर चढते. रात्री थंड झाली की खाली उतरते. आपल्या उत्तरेला सातपुडा. तिथून उतरलेली हवा पूर्णा ओलांडते आन् थेट आपल्या गच्चीवर येते. याले म्हणतात पर्वतीय वारे." आणि नाव काय ठेवलं, तर सातपुड्याचा रातवारा. लोक खात्री करायला संध्याकाळी गच्चीवर यायचे, बाजांवर बसायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, खरंच येते हवा. मनकर्णाबाईसुद्धा मानल्या. "भल्ली हवा हाय बाप्पा गुरुजीच्या गच्चीवर. आमच्या गच्चीवर पान हालत नाई."

आता तुम्ही वऱ्हाडातले नसाल तर तुम्हाला कधीच कळलं असेल. वऱ्हाडातले असाल तर अजूनही कळलं नसेल. उन्हाळा लागला की अकोल्याची माणसं गच्चीवर झोपतात. गच्चीवर झोपायचं म्हणजे कूलर वर न्यायचा. गुरुजींचा कूलर म्हणजे लोखंडी, पिढीजात, दोन माणसांनी उचलावा असा. त्याला नव्या वाळ्याच्या ताट्या लावल्या, रंगाचा हात दिला आणि जिन्याच्या खोलीपाशी उंच घोडीवर चढवला, कारण बोर्ड तिथेच होता. सरळ हवेनं गुरुजींची मान धरते, म्हणून जाळीच्या पट्ट्या वर केल्या. समोर बाजा. बाजांच्या मागे, बरोबर सरळ रेषेत, मी.

आसपास काही ठेवू नका म्हटल्यावर यांनी तुळससुद्धा हलवली. पण कूलर? कूलर काय "काही" मध्ये येतो? उन्हाळ्यात कूलर हा आमच्याकडे घरातला माणूस असतो. त्याच्यात पाणी टाकतात, तो घरघरला तर काळजी करतात, पण हवा येते ती त्याच्यातून येते असा विचार कुणी करत नाही. मीही नाही केला. मी आपला फिरत राहिलो. लाईन जाते ती वैशाखात, चैत्रभर ती एकदाही गेली नाही.

गौरांगला फोनवर आकडे कळले तेव्हा तो चक्रावला. "अकोल्याच्या मधोमध एवढी हवा? पाह्यलंच पायजे," म्हणाला. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी तो चक्क्यांच्या चित्रांचं पुस्तक घेऊन आला. गच्चीवर जेवणाची पंगत होती. आमरस, पुरणपोळी, तळलेल्या कुरडया. मनकर्णाबाई होत्याच. रमाकाकूंनी फोन एका तांब्याला टेकवून ठेवला होता आणि फोनमध्ये निधी होती, पोटावर हात ठेवून बसलेली.

वैशाखात अमरावतीहून अकोल्याला आलेला माणूस काय करतो? कूलरकडे पाठ करून बसतो आणि शर्टाचं बटण सोडतो. गौरांगनं तेच केलं. मग पुस्तक उघडलं. एक चक्की तीन पात्यांची, पंख्यासारखी. दुसरी उभी, ताक घुसळायची रवी उलटी धरावी तशी. तिसरी केवढ्या तरी खांबावरची, राक्षसच. गुरुजींचं बोट थेट राक्षसावर.

"आवाज किती करते ही?" काकूंनी विचारलं. "लेकरू झोपलं पायजे."

"हिच्यात कावळा अटकला त काढते कोन?" मनकर्णाबाईंचा प्रश्न.

"कावळा राहू द्या हो," गुरुजी म्हणाले. "निधी, इकडं पाय. हा मापाडी पाय. दिसून राहिला ना?"

त्यांनी फोन उचलून माझ्याकडे धरला. मी काय सांगू, मी जीव तोडून फिरलो. मापाड्यानं कुणाची बाजू घ्यायची नसते, पण त्या घराचं मीठ खाल्लं होतं. निधीनं मला बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाली, "खरंच फिरतोय की, बाबा. मग येते मी. अद्वैत, तिकीट बघ."

रमाकाकूंच्या हातातली पोळी हातातच राहिली. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, आणि ते तोंड पुसणं नव्हतं हे गच्चीवरच्या प्रत्येकाला कळलं.

आणि लाईन गेली.

कूलरनं एक लांब सुस्कारा सोडला. मी एक चक्कर पूर्ण केली, दुसरी अर्धी, आणि थांबलो. गच्चीवर असा शुकशुकाट झाला की कुरडई मोडल्याचा आवाज आला. ती मनकर्णाबाईंनी मोडली होती. त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "माय व. लाईन गेली त हवा बी गेली."

"योगायोग आहे," गुरुजी म्हणाले. "सातपुड्यावरून येताना वाऱ्याले मधात खंड पडते."

गौरांगनं आमरसाचं बोट चाटलं आणि वर धरलं. बोटाला काहीच लागेना. त्यानं मान वळवून पहिल्यांदा कूलरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग त्याच बोटानं हवेत, कूलरपासून माझ्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली.

तेवढ्यात लाईन आली. कूलर खाकरला, पाणी चढलं, मी फिरायला लागलो. गौरांग उठला आणि कूलरसमोर पाठ करून उभा राहिला. मी थांबलो. तो बाजूला झाला. मी फिरलो. तो पुन्हा उभा राहिला, मी पुन्हा थांबलो. मला सांगा, यात माझा काय दोष? पण तोंड लपवायला मला तोंडच नाही.

आधी मनकर्णाबाई हसल्या. त्या हसल्या की अंगानं हसतात, बाज करकरते. मग गौरांग हसला, इतका की त्याला कठडा धरावा लागला. आणि मग फोनमधून निधी. पुण्यात राहून तिची भाषा इस्त्री केल्यासारखी झाली होती, ती सगळी इस्त्री एका क्षणात मोडली. "बाबा, तुमी कूलरची हवा मोजून राहिले? कूलरच्या हवेवर चक्की चालवान, आन् चक्कीच्या लाईनवर कूलर?"

गुरुजी उभेच होते. चेहरा पडलेला. आयुष्यभराचा भूगोल एका कूलरनं धुऊन काढला होता. मग त्यांच्या मिशा हलल्या. "म्हणजे आपल्याले लाईनच लागत नाही," ते म्हणाले. "एकदा हातानं फिरवून देलं की झालं. जन्मभर चालते." आणि तेही हसायला बसले, अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

एकट्या रमाकाकू हसल्या नाहीत. त्यांनी ताटं गोळा केली आणि खाली गेल्या. मला वरून अंगण दिसतं. त्यांनी दोरीवरची दुपटी एकेक काढली, घडी घातली, रचली आणि एका धोतराच्या फडक्यात गाठोडं बांधायला घेतलं. घाईत नाही, अगदी नीट, चारही टोकं सारखी करून. पुण्याला पाठवायचं गाठोडं होतं ते. मला फिरत राहणं भाग होतं, कारण कूलर चालू होता. पण खरं सांगतो, तेव्हा फिरणं मला पहिल्यांदाच नकोसं झालं.

गाठ मारली आणि त्या तशाच बसून राहिल्या. मग काय मनात आलं कोण जाणे, गाठोडं काखेत धरून वर आल्या. गच्चीवरचं हसणं आपोआप थांबलं.

"गौरांग," त्या म्हणाल्या, "चक्की-बिक्की राहू दे. मले एक सांग. एक खोली. तिच्यात एक कूलर आन् एक दिवा. लाईन गेली तरी थे बंद नाही पडले पायजे. बाकीचं घर अंधारात राहिलं त चालते. याले काय लागते?"

गौरांगनं पुस्तक मिटलं. "एवढंच? काकू, याले हवा लागतच नाई. छतावर थोडी तावदानं आन् खाली बॅटरी. दिवसा भरते, संध्याकाळी देते."

"पण मी तर अख्ख्या घराले..." गुरुजी म्हणू लागले.

"अख्ख्या घराचं बाळंतपण करायचं नाही आपल्याले," काकू म्हणाल्या.

झालं. इतके आठवडे मी वारा मोजत होतो, गुरुजी चक्क्या मोजत होते, आणि किती हवं हे कुणी मोजलंच नव्हतं. ते त्या बाईनं एका वाक्यात मोजून टाकलं. मी मापाडी आहे, मला माप कळतं.

तांब्याला टेकवलेला फोन सगळे विसरले होते. त्याच्यातून आवाज आला. "आई, ते गाठोडं सोड. दुपटी पाठवू नको. मी येऊन राहिली." आणि जरा थांबून, "आत्ता इतकी हसली ना मी, की पोटातलं बी हललं. इथं कोणी असं हसवतच नाही."

पुढचं भराभर सांगतो. तावदानं बसली. निधी आली. गुरुजींनी मात्र मला सोडलं नाही. "शास्त्र म्हणून," ते म्हणाले आणि एक खराखुरा उंच बांबू आणून त्याच्या टोकावर मला बांधलं. ज्येष्ठात वावधन सुटलं, वादळच म्हणा. कागद, पत्रे, चादरी, सगळं आभाळात. अहो काय फिरलो मी त्या दिवशी. खरा वारा, कुणाचा उसना नाही, चारी दिशांनी येणारा, वेडा. डबीवरचा आकडा गुरुजींनी निधीला ओरडून सांगितला. आणि तेवढ्यात बांबू वाकला, मी कठड्यावर आपटलो आणि माझ्या एका वाटीला तडा गेला.

तडा गेलेला मापाडी बाजारात चालत नाही. गौरांगनं मला हातात घेतलं, टिचकी मारली, मी जरा लंगडत फिरलो. "आता हा बरोबर मोजत नाई, गुरुजी. ठेवा तुमच्याकडंच," म्हणाला आणि गेला. मी जिन्याखालच्या डब्यात पडलो, खिळे आणि मोडक्या कड्यांच्या संगतीत. तिथे वारा नाही. दिवस किती गेले मला माहीत नाही, मी तो हिशोब फिरण्यातच करतो.

डबा उघडला तो बारशाच्या दिवशी. गुरुजी पाळण्यावर बांधायला काहीतरी शोधत होते आणि हाताला मी लागलो. त्यांनी मला पाहिलं, फुंकर मारून धूळ उडवली. कारखान्यातल्या त्या बाईंसारखी, अगदी तशीच फुंकर. मग एका लाल गोंड्याला बांधून मला पाळण्याच्या वर, उलटा, लटकवलं.

खाली बघितलं तर एवढंसं गाठोडं. दुपट्यात गुंडाळलेलं. हेच का ते, ज्याच्यासाठी मी इतका फिरलो? निधीची लेक. तिचे डोळे उघडे होते आणि ते माझ्यावर होते. खोलीत कूलर चालू होता. वाळ्याचा वास आला आणि मी फिरायला लागलो, लंगडत, पण फिरलो. ती बघतच राहिली.

नावाचा घोळ झाला. गुरुजी म्हणाले, समीरा ठेवा, वाऱ्यावरून. काकूंनी नुसतं बघितलं आणि ते नाव तिथेच संपलं. बायकांनी पाळणा म्हटला, कानात कुर्र झालं, आणि नाव निघालं स्वराली.

पाळणा संपतो न संपतो तोच लाईन गेली. पाऊस लांबला होता, उकाडा मी म्हणत होता. बाहेर सगळी गल्ली एकदम गप्प झाली, घराघरांतले पंखे बंद पडल्याचं ऐकू आलं. खोली बायकांनी भरलेली. आणि काय गंमत, कुणी दिव्याकडे पाहिलं नाही, कूलरकडे पाहिलं नाही. सवयीनं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी फिरत होतो.

निधीनं आईचा हात धरला. रमाकाकूंनी पदरानं तोंड पुसलं, आणि या वेळी हसत हसत पुसलं. कोपऱ्यातून मनकर्णाबाई म्हणाल्या, "पाहा व. लाईन गेली, पन हवा नाई गेली."

तर अशी माझी कथा. तुमच्या घरी पवनचक्की बसवायची असेल तर जरूर बसवा, मोकळ्या टेकाडावर घर असेल तर नशीबवान आहात. पण आधी किती हवं ते घरातल्या बाईला विचारा, आणि वारा मोजायच्या आधी कूलर बंद करा. लोक मला खोटा मापाडी म्हणतात, म्हणू देत. मी खोटं मोजलं नव्हतं. वारा होता, तो मी मोजला. कुणाचा होता ते माणसांनी बघायचं.

आता गणपती आटोपले. स्वराली पुण्याला निघाली आहे. रमाकाकू आज सकाळपासून तेच गाठोडं बांधताहेत, त्याच दुपट्यांचं, त्याच फडक्यात, चारही टोकं सारखी करून. सगळ्यांत वर त्यांनी मला ठेवलं आहे. गुरुजी तीनदा येऊन टिचकी मारून गेले. चौथ्यांदा आले तेव्हा टिचकी मारली नाही, नुसता हात ठेवला.

पुण्याला आठव्या मजल्यावर म्हणे खिडकीतून खरा वारा येतो. तिथे मी फिरेन, मन लावून फिरेन, वारा कुठला हे विचारणार नाही. मागणं एवढंच की पोर मोठी झाली तरी मला पुन्हा खिळ्यांच्या डब्यात टाकू नका. आणि पुढच्या वैशाखात तिला घेऊन इकडे या तेव्हा मलाही आणा. वारा मी कधी ओळखत नाही, पण या घरचा ओळखीन. त्याला वाळ्याचा वास येतो.